सिस्टरच्या पिशवीतला कापूस

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी एखादी जुनी केस सांगा म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येते ती एक कॅनव्हासची पिशवी आणि तिच्यातला मूठभर कापूस.

पन्नासच्या दशकाचा शेवट होता. मी चिंचवडच्या बाजूला फौजदार होतो. पिंपरीत कारखान्यांची बांधकामे सुरू झाली होती, निर्वासितांची वसाहत वाढत होती. पण थेरगाव, आकुर्डी ही तेव्हा नुसती शेताशिवारांची गावे. राज्यात दारूबंदी होती आणि आमच्या ठाण्याचे निम्मे काम हातभट्ट्या शोधण्यात जाई.

एके दिवशी वरिष्ठ कार्यालयातून एक चौकशी आली. चिंचवड स्टेशनजवळच्या चाळीत राहणाऱ्या एका बाईने मुंबईच्या परिचारिका परिषदेकडे नर्स म्हणून नोंदणीसाठी अर्ज केला होता. 'पूर्वी शिक्षा झाली आहे काय?' या प्रश्नापुढे तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते, 'होय.' तिच्या सध्याच्या वर्तणुकीबद्दल ठाण्याचा अहवाल हवा होता. तो चांगला गेला तर ती नोंदणीकृत नर्स होणार होती आणि लोकल बोर्डाच्या नव्या प्रसूतिगृहात तिला जागा मिळणार होती. वाईट गेला तर शिकलेले सगळे पाण्यात.

तिचे नाव मी सांगणार नाही. गावे तिला सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणतो.

जुन्या दप्तरात तिचा गुन्हा सापडला. नवरा सोडून गेल्यावर पोटासाठी ती हातभट्टीची दारू वाहून नेई. सायकलच्या रबरी ट्यूबमध्ये दारू भरायची, ती पोटाला बांधायची आणि वर लुगडे. बघणाऱ्याला वाटावे, दिवस भरत आलेत. कासारवाडीला एकदा गाडी पुरती थांबण्याआधीच तिने फलाटावर उडी मारली. दिवस भरलेली बाई अशी उडी मारत नाही, हे तिथल्या शिपायाच्या लक्षात आले. तिने गुन्हा कबूल केला, मालक कोण ते मात्र सांगितले नाही. येरवड्यात शिक्षा भोगली. तिथेच कैदी बायकांच्या बाळंतपणात ती मदत करू लागली. तिचा हात पाहून तुरुंगाच्या डॉक्टरीणबाईंनी सुटकेनंतर तिला पुण्याच्या एका इस्पितळात शिकायला पाठवले. तिथल्या मेट्रनला तिने पहिल्याच दिवशी सगळे सांगितले होते.

चौकशी चालू असतानाच एका सकाळी हजेरी संपली आणि आमचा एक खबऱ्या ठाण्यात आला. स्टेशनबाहेर त्याची पानाची टपरी होती. त्याच्या खबरा बहुधा खऱ्या निघत.

"साहेब, ती नर्स परत धंद्याला लागली," तो म्हणाला. "बाळंतपणाच्या पिशवीत, कापसाच्या खाली ट्यूब हाय. आत्ता थेरगावला घेऊन गेलीय. दुपारनं घरी येईल तवा धरा."

"तू पाहिलीस?"

"पाहिल्याबिगर सांगतोय व्हय?"

दुपारी आमचे जमादार आणि दोन पंच घेऊन मी चाळीत गेलो. सिस्टर नुकतीच आंघोळ करून केस पुसत बाहेर आली होती. पिशवी व्हरांड्यात खुंटीला होती. बाळंतपणाहून आले की पिशवी बाहेर टांगून आधी आंघोळ करायची, ही तिची रीत साऱ्या चाळीला ठाऊक होती. पंचांसमोर पिशवी उघडली. वर कापूस, त्याखाली ट्यूब. बूच काढताच वास सुटला.

शेजारणी दाराआडून पाहत होत्या. एकीने पोराला आत ओढून घेतले. सिस्टरचा चेहरा पांढरा पडला, पण ती रडली नाही. पंचनामा झाला. ट्यूब आणि कापूस, दोन्ही मुद्देमाल म्हणून सील केले आणि तिला जबाबासाठी ठाण्यात आणले.

"बाई, ही ट्यूब कोणाची?"

"माझी नाही, साहेब."

"यापूर्वीही ट्यूबच होती."

"होती. तेव्हा मी नाही म्हटलं नव्हतं. आज नाही म्हणते."

मी लेखणी खाली ठेवली. पुष्कळ आरोपी पाहिले होते. खोटे बोलणारा जुन्या गुन्ह्याचा विषय निघाला की एकतर तो नाकारतो नाहीतर रडतो. ही बाई स्वतःच्या जुन्या गुन्ह्याकडेच बोट दाखवून बोलत होती.

"कुणाशी वैर?"

ती म्हणाली, "चाकणच्या बाजारात एक गुळाचा व्यापारी आहे. पूर्वी मी त्याचाच माल न्यायचे. महिन्यापूर्वी दारात आला. म्हणाला, नर्सची पिशवी कुणी तपासत नाही, परत काम धर. मी नाही म्हटलं. तर म्हणाला, तुझा अर्ज कसा मंजूर होतो तेच बघतो."

"मग ठाण्यात का आला नाहीत?"

"तुम्ही कुणाचं खरं मानलं असतं, साहेब? त्याचं दुकान आहे. माझी शिक्षा आहे."

तिला घरी सोडले, ठाण्याला न विचारता कुठे जायचे नाही असे बजावून. जमादारांना ते पटले नाही. "साहेब, माल सापडलाय. उद्या पळाली तर?" मी म्हटले, "पळायचे असते तर अर्जात 'होय' लिहिले नसते."

दुसऱ्या दिवशी सायकली काढून आम्ही दोघे थेरगावला गेलो. जिथे बाळंतपण झाले त्या घरची म्हातारी अंगणात बसून नातवाला तेल लावत होती. पोलीस पाहून ती उठलीसुद्धा नाही.

"आजी, सिस्टरची पिशवी तुम्ही पाहिलीत का?"

"पाहिली म्हंजी? समदी माझ्याम्होरं उपडी केली तिनं. कात्री, धागा, बाटल्या, समदं उकळत्या पाण्यात घातलं. आमाला हात लावू दिला न्हाई."

"रबरी ट्यूब होती?"

"न्हाई वो. असती तर दिसली नसती व्हय?"

"आणि कापूस?"

"कापूस संपला की! सून लई अडली व्हती, रगत थांबंना. शेवटी म्या माझं धुतलेलं लुगडं फाडून दिलं, ते बी तिनं उकळून घेतलं." म्हातारीने बाळाला छातीशी धरले. "ती नसती तर दोगं बी गेली असती, सायेब. पोरानं तिला बैलगाडीतनं थेट घरी सोडली. वाटंत कुटं उतरली न्हाई. काय केलंय तिनं?"

"काही नाही, आजी," मी म्हणालो. चौकशी पुरी झालेली नव्हती, तरी म्हणालो.

परतताना मनात एकच गोष्ट घोळत होती. कापूस थेरगावात संपला होता. मग चाळीत पिशवीतून निघाला तो कुठला? ठाण्यात येऊन पंचांसमोर सील उघडले. पांढरा, गुंडाळीचा, इस्पितळातला कापूस तो नव्हताच. पिवळट, गोळे झालेला, मधे सरकीचे कण. कुणीही सांगितले असते, हा गादीतला कापूस. कापूस संपलेल्या पिशवीत ट्यूब उघडी दिसली असती, म्हणून ठेवणाऱ्याने ती या कापसाने झाकली होती.

आणि मला आठवले की खबऱ्याने सकाळीच, पिशवी थेरगावात असताना, 'कापसाच्या खाली' असे सांगितले होते. तेव्हा तर पिशवीत ट्यूब नव्हतीच; म्हणजे दुपारी काय सापडणार ते त्याला आधीच ठाऊक होते.

आम्ही टपरीवर गेलो. तो नेहमीसारखा गादीवर मांडी घालून पान लावत होता. गादी एका बाजूला खचली होती. शिवण जुन्या पांढऱ्या दोऱ्याची, फक्त एका कोपऱ्यात नवा काळा दोरा.

"उठ," मी म्हणालो.

"काय झालं साहेब? पान लावू?"

"गादीवरून उठ."

चुन्याचे बोट तसेच हवेत धरून तो उठला. जमादारांनी पंचांसमोर काळा दोरा उसवला आणि मूठभर कापूस बाहेर काढला. पिवळट, सरकीचे कण असलेला. हातातले पान त्याच्या पायाशी पडले.

ठाण्यात आवाज चढवायचीही वेळ आली नाही. मी पाणी दिले आणि विचारले, "ट्यूब कुणी दिली?"

"साहेब, त्यानं धमकावलं..."

"कुणी?"

त्याने चाकणच्या व्यापाऱ्याचे नाव घेतले. सिस्टर आंघोळीला गेल्यावर त्याने स्वतःच व्हरांड्यात जाऊन ट्यूब ठेवली होती, झाकायला गादीतला कापूस बरोबरच नेला होता. एवढेच नव्हे, व्यापाऱ्याची भट्टी इंद्रायणीकाठच्या कुठल्या ओढ्यात चालते तेही त्याने सांगून टाकले. आजवर त्याच्या खबरा खऱ्या का निघत, तेही त्या दिवशी उलगडले. व्यापारी त्याच्यामार्फत आपल्याच धंद्यातल्या स्पर्धकांना पकडून देत होता.

छापा आम्ही भर दिवसा घातला. बाभळींच्या आड पिंपे, नवसागर, काळ्या गुळाच्या ढेपी आणि भट्टीपाशी हिशेब समजावत उभा असलेला खुद्द व्यापारी. मला पाहून त्याने आधी नमस्कार केला, मग धोतर सावरून ओढ्यात उडी घेतली. पाणी गुडघाभर होते. जमादारांनी त्याला चिखलातून काढले तेव्हा काठावरचे गुराखी टाळ्या वाजवत होते.

मी सिस्टरचा अहवाल लिहिला. जुना गुन्हा लिहिला, शिक्षा लिहिली, पिशवीचा प्रकार लिहिला आणि थेरगावच्या म्हातारीचा जबाब जोडला. परिषदेने तिला मुंबईला बोलावले. सोबत मेट्रन गेल्या होत्या, त्यांनी मला नंतर सांगितले. एका सभासदाने विचारले, "शिक्षा लपवावी असं तुम्हाला वाटलं नाही?"

सिस्टर म्हणाली, "बाळंतिणीला मी विचारते, आधीचं मूल गेलं का, झटके येतात का. तिनं लपवलं तर जिवावर बेततं. मी रोज बायकांना खरं सांगायला लावते, मग मी तुमच्यापाशी खोटं कसं लिहू?"

नोंदणी मंजूर झाली. ज्या शेजारणीने पोराला आत ओढले होते, तिनेच चाळीत पेढे वाटले.

खटला उभा राहिला तेव्हा सिस्टर सरकारी साक्षीदार होती. व्यापाऱ्याने पुण्याचा नामांकित वकील दिला होता. तो उलटतपासणीला उठला आणि पहिल्याच प्रश्नात घाव घातला.

"दारू वाहून नेल्याबद्दल तुम्ही शिक्षा भोगली आहे, हे खरं ना?"

"खरं आहे."

"म्हणजे या धंद्यात तुम्ही मुरलेल्या होतात?"

"होते, साहेब. ती दारू यांचीच होती." तिने आरोपीच्या पिंजऱ्याकडे हात केला. "तेव्हा भीतीनं नाव सांगितलं नाही. आज सांगते."

कोर्टात कुजबुज उठली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी टेबलावर हात आपटून शांतता केली, पण तेही लिहिताना हसू दाबत होते. वकील कागद गोळा करून खाली बसला.

निकालाच्या दिवशी व्यापाऱ्याला सक्तमजुरी झाली आणि खबऱ्यालाही शिक्षा झाली. अभिनंदन करायला मी सिस्टरला शोधत बाहेर आलो, तर बाकावर फक्त मेट्रन होत्या. आकुर्डीत एक बाई अडली होती, बैलगाडी न्यायला आली होती. निकाल ऐकायला सिस्टर थांबलीच नव्हती.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक कामाची: खबर देणाऱ्यालाही आरोपीइतकेच प्रश्न विचारावेत. त्यानंतर मी एकही खबर उलटतपासणीशिवाय घेतली नाही. दुसरी माणसांबद्दलची. चौकशीसाठी शिक्षा भोगलेला माणूस समोर आला की आम्ही विचारत असू, तू काय केले होतेस? पुढच्या सगळ्या नोकरीत मी त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारत गेलो: त्यानंतर काय केलेस? त्याचे उत्तर ठाण्याच्या दप्तरात नसते. त्यासाठी सायकल काढून कुणाच्या तरी अंगणात जाऊन बसावे लागते.