पाणी भरायच्या आधी दोन तास

सुगंधाचा फोन आला तेव्हा मी पक्षी बघणाऱ्यांसाठीच्या पत्रकात नेरे गावाच्या मजकुरावर अडले होते. डोंगराखालच्या कुठल्या ओढ्यावर स्वर्गीय नर्तक पक्षी दिसतो ते लिहून झालं होतं, पण लांबून येणाऱ्या बायकांची स्वच्छतागृहाची सोय कुठे होईल हे काही केल्या ठरत नव्हतं. हिराजीदादांना विचारू, म्हणून तिथे पेन्सिलीने गोल करून ठेवला होता. "बाई, बाबा गेलं," सुगंधा म्हणाली. हिराजीदादा तिचे सासरे. सकाळी चहा पिऊन ओटीवर टेकले ते उठलेच नाहीत... फोन ठेवल्यावर मला आधी रडू नाही आलं, राग आला. हातातलं काम अर्धं टाकून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

हिराजीदादांची उमेदीची वर्षं सगळी पनवेलच्या खाडीकाठच्या मिठागरात गेली. मिठागर बंद पडलं तरी बांधावर रोज एक फेरी मारायची सवय काही सुटली नाही. मी शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवून नुकतीच निवृत्त झालेली, गळ्यात नवीकोरी दुर्बीण. त्याच बांधावर एकदा एका मातकट पक्ष्याकडे मी दहा मिनिटं श्वास रोखून बघत होते. मागून आवाज आला, "बाई, वंचक हाय तो, साधा बगला. आमचे परसात पन येतो." त्यांच्या बोलण्यात टवाळी होती, पण पुढचे दोन तास त्यांनी मला शेकाटे दाखवले, तुतारी नावाचा चिखलातला छोटा पक्षी दाखवला, आणि खंड्याचं बीळ कसं ओळखायचं तेही दाखवलं. नंतर मी जातच राहिले.

पत्रकाची कल्पना त्यांची. पक्षी बघायला येणाऱ्यांनी कुठे जावं, गाडी कुठे लावावी, चहा कुठे मिळेल, चिखलात कुठे पाय घालू नये, हे सगळं एका घडीच्या कागदावर. आपटा गावचा नदीकाठ, नेरे यावर आमचं एकमत होतं. भांडण झालं ते खाजणावरून. बांधापलीकडे भरतीचं पाणी जिथे चढतं ती चिखलाची मोठी जागा म्हणजे खाजण. थंडीत हजारो पाखरं तिथे उतरतात. माझं म्हणणं, तिचा पत्ता छापायचाच नाही, गर्दी झाली तर पक्षी बिथरतील. तेव्हा रस्त्याच्या कडेने भरावाचे डंपर राडारोडा ओतून जायला लागले होते. दादा एवढंच म्हणाले, "जिथं मानूस नाय तिथं डंपर येतो, बाई. मानसां उबी रायली का तो थांबतो." मी आठवडाभर वाद घातला. त्यांनी आठवडाभर हेच एक वाक्य ऐकवलं. शेवटी मी हात टेकले.

आणि मग मी जी माती खाल्ली ती भूगोलाची बाईच खाऊ शकते. एका रविवारी सकाळी सातला आम्ही खाजणावर गेलो, तर अग्निपंखांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा बांधापासून हाकेच्या अंतरावर. मी हरखून पत्रकात छापून टाकलं, 'दर रविवारी सकाळी सात'. पुढच्या रविवारी कामोठ्याहून वीस-पंचवीस मंडळी कॅमेरे घेऊन हजर झाली. समोर नुसता चिखल, आणि पार टोकाला पांढरे ठिपके. एक गृहस्थ जवळून फोटो काढायला उतरले आणि मांडीपर्यंत रुतले. दादांनी घरून लाकडी फळी आणली, चिखलावर आडवी टाकली, तिच्यावर पालथं पडून त्या माणसाला हळूहळू ओढून काढलं. दादा सत्तरीचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंग धुऊन आल्यावर त्यांनी मला ओटीवर बसवलं. "पक्षी रविवार नाय पालत, तिथ पालतान. मागचे रविवारी द्वादशी व्हती, आज चौथ हाय." मग खाडीकाठच्या घराघरात चालणारा हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पाणी भरतं. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्याच्या दोन तास आधी बांधावर उभं राहायचं, म्हणजे चढतं पाणीच पाखरांना आपल्याकडे आणून सोडतं. भरती-ओहोटीचं कारण मी फळ्यावर किती वर्षं काढलं... पण पाणी कधी येणार हे मला कोणी विचारलंच नव्हतं. ती सगळी पत्रकं आम्ही रद्दीत घातली आणि नवीन करायला बसलो. तोवर तिथी बघून रविवारी आम्हीच लोकांना खाजणावर फेरीला न्यायला लागलो.

ते गेल्यावर दिवसकार्य उरकलं आणि लोकांचे फोन सुरू झाले. आता खाजणाची फेरी बंद का, असं सगळेच हळू आवाजात विचारत. खरं सांगते, बंद करावी असं माझ्याही मनात आलं होतं. पुन्हा कोणी रुतलं तर मी काय करणार? आणि आम्ही नाही उभे राहिलो तर पुढच्या पावसाळ्याच्या आत तिथे भराव पडून मैदान होईल, हेही दिसत होतं. सुगंधाला विचारायला गेले तर ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "फली मी घेते. तिथ तुमी मोजा."

कालच्या रविवारी त्रयोदशी होती. पाणी पावणेदहाला भरणार, म्हणून पावणेआठला आम्ही तिसेक जण बांधावर उभे होतो. दादांची आठवण सांगायला घेतली, ती मी अर्ध्यावरच सोडून दिली आणि समोर बघा म्हटलं. पाणी चढत होतं. शेकाटे लांब तांबड्या पायांनी मागे सरत सरत आमच्याकडे येत होते. इतक्यात मागे डंपर येऊन थांबला. चालकाने डोकं बाहेर काढलं, "काय चाललंय इथं?"

सुगंधा फळी काखेत घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पानी येतंय. बगायचं तं उतरा, नायतं मागं फिरवा."

आम्हा तिसेक जणांवरून नजर फिरवून तो भरलेली गाडी मागे घेऊन निघून गेला. काल गेला, आज येईल. आज चतुर्दशी. पाणी साडेदहाला भरतं. उभं राहायचं साडेआठला, पण डंपरच्या आधी म्हणून आम्ही आठलाच बांधावर असू.