बिनकुंपणाच्या शेतातली पिंपांची शर्यत

फेब्रुवारी १९५१, पहिला रविवार, दुपारी साडेतीन. जागा : भुईगावची भाताची शेतं, कापणी होऊन मोकळी पडलेली. हजर : समितीचे अध्यक्ष, छत्रीसह. बोटीवर बटलर असलेले आणि आता कायमचे घरी बसलेले एक गृहस्थ, शिट्टीसह. टांगे तीन, घोडे तीन, टांगेवाले तीन. डांबराची रिकामी पिंपं तीन. चौथीतल्या सात मुली आणि त्यांचे आईबाप. बाकी गाव, म्हणजे दुपारची झोप मोडून आलेली सगळी माणसं. गैरहजर : कुंपण. यादी करणारी मी, गावच्या शाळेतली शिक्षिका आणि त्या सातांतल्या एकीची आई.

ही यादी मी तिथेच बांधावर उभी राहून वहीत लिहिली. पुढे कोणी ‘मी तिथे नव्हतोच’ असं म्हणू नये म्हणून. तसं पुढे तिघांनी म्हटलंही. वही अजून माझ्याकडे आहे.

आमची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला वसईला जायचं. मुलगे चालत जात. मुलींना त्यांचे बाप चालत पाठवायला तयार नव्हते, त्यामुळे चौथी झाली की मुलगी घरी, वाडीत, बाजाराच्या टोपलीमागे. त्या वर्षी मी सात बापांच्या घरी चार महिने चकरा मारल्या आणि सातही जणांकडून एकच वाक्य वदवून घेतलं : भरवशाचा टांगा असेल तर पाठवू. एक बाप तर माझ्या घरातलाच होता, त्याला वळवायला सगळ्यांत जास्त दिवस लागले.

आता फक्त टांगा ठरवायचा होता. ते काम पाच मिनिटांचं. कुणाचा टांगा कधी उलटला नाही, कोण पीत नाही, कुणाचा घोडा बुजत नाही, एवढं विचारायचं. भाजीच्या पाट्या घेऊन रोज टांग्याने बाजारात जाणाऱ्या कोणत्याही बाईने उभ्या उभ्या सांगितलं असतं. पण आमच्याकडे पाच मिनिटांचं काम आलं की समिती नेमतात. समितीत पाच पुरुष. पाचांपैकी एकानेही आपल्या मुलीला पाचवीत घातलं नव्हतं. बटलर त्यांतले सहावे, न बोलावता आलेले.

बटलरांनी अमेरिकेत कुठल्याशा बंदरात बोट लागलेली असताना जत्रा पाहिली होती. तिथे मैदानात तीन पिंपं ठेवतात, घोडेस्वार पहिल्या पिंपाला वळसा घालतो, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि सुसाट परत येतो. ज्याला कमी वेळ लागतो तो जिंकतो.

"तिकडे बायका पळवतात घोडे, बायका!" बटलर म्हणाले.

"मग टांगा कोणता घ्यायचा ते इथल्या बायकांनाच विचारा की," मी म्हणाले.

"बाई, तुम्ही यादी करा," अध्यक्ष म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे."

म्हणून मी यादी केली. लहान मुलींना सांभाळून नेणारा टांगा निवडायला त्यांनी सर्वांत जोरात पळणारा टांगा शोधायचं ठरवलं, यात काही चुकतंय असं त्या सहा डोक्यांपैकी एकालाही वाटलं नाही. मी बोलून दाखवलं. त्यावर मला असं कळलं की वळणावर घोड्याची खरी परीक्षा होते.

पिंपं रस्त्याच्या कामावरून आणली. तळाशी डांबर होतंच, उन्हात ते पाघळून बाहेर आलं होतं आणि दुपारपर्यंत अध्यक्षांच्या धोतराला लागलंही होतं. शेतातले दोन बांध फोडून टांग्यांना वाट केली. ज्याचे बांध फोडले तो शेतकरी मुंबईला गेला होता, त्याला विचारायचं राहिलं. हा मुद्दा मी लिहून ठेवला आणि वाचूनही दाखवला.

दुसरा मुद्दा कुंपणाचा. शेताच्या एका अंगाला वालाचं पीक, त्यापलीकडे केळीची बाग. दुसऱ्या अंगाला समुद्राकडे जाणारी वाट. अडवायला काही नाही.

"तिकडे कुंपण असतं का?" मी बटलरांना विचारलं.

"असतं. चांगलं भक्कम, लाकडी."

"मग इथे?"

"इथे गाव उभं करू की चारी बाजूंनी. माणसांचं कुंपण! घोडा अंगावर आला की सगळ्यांनी दोन्ही हात वर करायचे. घोडा वळलाच पाहिजे."

गावाने हे मान्य केलं. गावाला फुकटात पुढची जागा मिळत होती.

पहिला टांगा निघाला तो पहिल्या पिंपापर्यंतच. घोड्याने डांबराचा वास घेतला, मान खाली घातली आणि अडला. मालकाने उतरून त्याला सावलीत नेला. दिवसभरातलं शहाणपणाचं काम तेवढंच.

दुसरा टांगा एका तरुण टांगेवाल्याचा. त्याचा पांढरा घोडा मुंबईच्या रेसकोर्सवर पळालेला, असं तो सांगायचा. तिथून का काढला ते सांगायचा नाही. शिट्टी झाली आणि घोडा सुटला. पहिलं पिंप, दुसरं पिंप, तिसरं पिंप. दुसऱ्या वळणाला टांग्याचं एक चाक हातभर उचललं गेलं, तेव्हा माझी मुलगी माझ्या पदराला धरून उभी होती, तिने पदर तोंडात धरला. गाव टाळ्या वाजवत होतं. तिसऱ्या पिंपानंतर घोडा सुरुवातीच्या रेघेवर आला, रेघ ओलांडून गेला आणि पळतच राहिला, कारण थांबावं असं काही त्याच्यासमोर नव्हतं. समोर वालाच्या बाजूचं कुंपण होतं. कुंपणाने दोन्ही हात वर केले. घोडा जवळ आला तेव्हा कुंपण बाजूला सरलं. अगदी व्यवस्थित, मधोमध वाट करून. घोडा वालातून केळीच्या बागेत गेला. टांगेवाला वालात उतरला, म्हणजे पडला. टांगा एका चाकावर बागेच्या पलीकडे सापडला आणि घोडा तिथून उलटा फिरून थेट समुद्रावर, पाण्यात पाय घालून उभा. माणसाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आत मुली नव्हत्या म्हणून.

तिसरा टांगा म्हाताऱ्या टांगेवाल्याचा. त्याला सगळे चाचा म्हणत. त्याची तांबडी घोडी आमच्या रस्त्यावर इतकी वर्षं चालत होती की बाजाराच्या दिवशी तिला लगाम लागत नसे. रस्त्याकडेच्या बाईने हात वर केला की घोडी आपणहून थांबायची. पाटी चढली, बाई बसली, टांग्याची स्प्रिंग दबली, की आपणहून चालायला लागायची. चाचाला चाबूक होता, पण त्याने तो कधी काढलेला मी पाहिला नाही.

शर्यतीआधी चाचा माझ्याकडे आला होता. "बाई, माझी घोडी शर्यतीची नाय, सवारीची हाय. मुलींना न्यायचंय तर सवारी बघा ना."

"मी समितीत नाही, चाचा. मी यादीत आहे."

शिट्टी झाली. घोडी दुडक्या चालीने निघाली, पहिल्या पिंपाला नीट वळसा घालून दुसऱ्याकडे वळली. वळताना तिचं तोंड लोकांकडे आलं, आणि बटलरांच्या हुकुमाप्रमाणे त्या बाजूच्या सगळ्या माणसांनी हात वर केले. हीच माणसं रोज सकाळी याच घोडीला असाच हात दाखवायची. घोडी त्यांच्यासमोर जाऊन थांबली.

"चल गं, चल," चाचा म्हणाला.

घोडी वाट पाहत उभी. गिऱ्हाईकाने हात केला होता, गिऱ्हाईक बसत नव्हतं.

"हात खाली करा!" बटलर ओरडत आले, स्वतःचे दोन्ही हात वर करून. घोडी एक पाऊल त्यांच्याकडे सरकली.

"बटलर, तुम्हीच बसा आता," कोणीतरी म्हणालं. "बोटीपेक्षा बरी आहे."

"तिला चाबूक दाखव रे चाचा!"

"चाबकाने ती चालत नाय. सवारीने चालते," चाचा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते.

शेवटी वालाच्या बाजूला उभी असलेली एक भाजीवाली म्हातारी कंटाळून म्हणाली, "मी बसते बाबा, पाय दुखायला लागले," आणि चढली. स्प्रिंग दबली, घोडी चालायला लागली. दुसरं पिंप झालं. पुढच्या कडेला पुन्हा हात वर. तिथे दोघी चढल्या. तिसऱ्या पिंपाच्या वळणावर आणखी एक. चार बायका, एक पाटी आणि एक छत्री घेऊन तांबडी घोडी तिसऱ्या पिंपाला वळसा घालून रेघेवर आली, रेघेवर थांबली, आणि बायका उतरेपर्यंत पाय न हलवता उभी राहिली. एकीचाही पदर चाकाला लागला नाही. सबंध गाव पोट धरून हसत होतं. मी सात मुलींचे बाप मोजले. सातही हसत होते.

निकाल जागेवरच लागला. पांढरा घोडा पहिला, कारण त्याने तिन्ही पिंपांना कमी वेळात वळसा घातला. तो थांबला नाही, हे मी सांगितलं.

"थांबण्याचा नियम ठरलेला नव्हता, बाई," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या वहीत आहे का?"

वहीत नव्हता. तांबडी घोडी बाद, कारण टांगा रिकामा असावा असा नियम ठरला होता आणि तो मात्र माझ्याच अक्षरात वहीत होता. तिने सवाऱ्या घेतल्या. मुलींच्या सवारीसाठी टांगा शोधायला बसलेल्या समितीने सवारी घेतली म्हणून टांगा बाद केला, हे वाक्य मी तेव्हा मोठ्याने म्हटलं. बटलरांनी खिशातून रुमाल काढून शिट्टी पुसली.

पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारातच सातपैकी सहा बापांनी मला सांगितलं की पांढऱ्या घोड्याच्या टांग्यात मुली पाठवायच्या नाहीत. सातवा माझ्याच घरचा, तो घरी येऊन बोलला. त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण समितीचा निकाल लागला होता, समिती तो बदलायला तयार नव्हती. अशा रीतीने मुलींना शाळेत न्यायची व्यवस्था करायला नेमलेल्या समितीने मुलींची शाळा बंद करून दाखवली आणि फुटलेले बांध तसेच ठेवून ती बरखास्त झाली.

मुलींना तुम्हीच न्या, असं सांगायला मी चाचाकडे गेले. तो टांगा धूत होता.

"आता कोनाकडं जाऊ मी?" तो म्हणाला. "रस्त्यावर चांगली दाढीमिशीवाली माणसं घोडीला हात दाखवतात. ती थांबते. ती हसतात आणि चालायला लागतात. दिवसातून दहा वेळा. मी मुलींना नाय म्हनत नाही, बाई. पन त्यांचे बाप हसले."

मी वहीत सात घरं लिहिली आणि पुढे एक रकाना आखला. एप्रिलात तीन संध्याकाळी चाचाच्या टांग्यात बसून मी एकेका घरापुढे गेले. बापाला बाहेर बोलवायचं. त्याने रस्त्यावर उभं राहून हात वर करायचा, टांग्यात बसायचं, गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि मग वहीत सही करायची. हसण्याला परवानगी नव्हती. पहिल्या घरी जरा लाजरेपणा झाला, दुसऱ्या घरापासून लोक आपणहून दारात येऊन हात करू लागले. एक बाप उतरताना घोडीच्या मानेवरून हात फिरवून चाचाला "चुकलं" म्हणाला. माझ्या घरच्या बापाला मी दोनदा बसवलं.

सहा सह्या झाल्या. सातवं घर समुद्राकडच्या मासेमारांच्या वाडीत. तिथे गेलो तेव्हा बाप बोटीवर होता, आई बाजारात, आणि मुलगी दारात कोळंबीचे सोडे वाळत घालत होती. मला पाहून तिने हात पुसले आणि घोडीला हात दाखवला. घोडी तिथे आधीच थांबलेली होती.

"आईला सांग, गुरुवारी येते," मी म्हणाले.

गुरुवारी चौथीचा निकाल तयार करायचा होता. पुढच्या गुरुवारी काय होतं ते आठवत नाही, वहीतही नाही. जूनमध्ये सहा मुली टांग्यात बसून वसईला गेल्या. सहांची जागा नीट होत होती, सात दाटीने बसल्या असत्या, आणि हे कारण मी स्वतःला बराच काळ सांगत होते. समितीच्या पाच जणांना आणि बटलरांना मी आयुष्यभर नावं ठेवली. त्यांना नियम ठरवायला जमलं नाही. मला एक गुरुवार जमला नाही.

ही गोष्ट आता सात वर्षांपूर्वीची. सहांपैकी चौघी मॅट्रिकपर्यंत पोचल्या, माझी त्यांत आहे. गेल्या महिन्यात बाजारात त्या सातव्या मुलीच्या आईने मला बांगडे देताना विचारलं, "बाई, तवा आमच्याकडं परत आल्याच नाय तुमी?" रागाने नाही, तराजू बघता बघता विचारलं. मुलगी आता तिच्या शेजारी बसून विकते. पाट्यांमध्ये अंथरलेला जुन्या वर्तमानपत्राचा कागद ती मासे ठेवण्याआधी वाचून घेते, हे मी पाहिलं.

इयत्ता सातवीच्या फायनल परीक्षेला शाळेत न जाता बाहेरून बसता येतं. फॉर्म मी आणून ठेवला आहे. नाव, वय, गाव मी भरलं. मुलीची सही आणि आईचा अंगठा बाकी. संध्याकाळचा तास मी घेईन, तसं वेळापत्रकही आखलं आहे. शेवटची तारीख शनिवार, आज बुधवार. वाडी शाळेपासून पंधरा मिनिटांवर आहे. अजून गेलेले नाही.