हात काढा, डॉक्टर

"लग्न जाहलं नाही म्हणतेस. मग मूल कुठं टाकलंस?"

डॉक्टरने हे मराठीत विचारलं. त्याचा हात माझ्या उजव्या स्तनातल्या गाठीवर होता. पडदा अर्धा उघडा. बाहेर बाकावर माणसं.

तो तंजावरकडचा मराठी. मी धाराशिवकडची, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात मोबाइल जोडणारी. चेन्नईत आपल्या भाषेचा डॉक्टर आहे हे कळलं तेव्हा हरखले होते. दुखणं नीट सांगता येईल म्हणून. त्याने आडनाव विचारलं. मग गावात घर कुठल्या बाजूला, तेही विचारलं. मी सांगितलं. तिथून त्याचं बोलणंच बदललं.

"तुमच्यात हे चालतंच," म्हणाला. मग तेच तमिळमध्ये नर्सला सांगितलं. ती हसली. तेवढं तमिळ मला कळतं.

मीच पडदा ओढून घेतला. जणू लाज माझीच.

असं गळू अंगावर पाजणाऱ्या बायकांनाच होतं, असं ठरवून त्याने ते चिरलं, गोळ्या दिल्या. जखम भरेना. पू वाहायचा, गणवेशाला डाग पडायचा. लाइनवर मी कोपर छातीशी दाबून उभी राहायचे. संध्याकाळी ताप. बगलेतही गाठ आली.

परत गेले. काहीही तपासायला न पाठवता तो म्हणाला, "स्तनच काढून टाकू. तुला कशाला हवाय?" आणि पुन्हा हात पुढे केला.

"हात काढा."

तो थबकला. मी म्हटलं, "आधी मला काय झालंय ते सांगा."

"तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही. विचारतेय. अंग माझं आहे."

बटणं लावली आणि निघाले. भीतीने नाही. संतापाने.

हॉस्टेलवर माझ्या खोलीत राहणारी सेल्वी मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी दार लावलं. काहीतरी विचारलं. सेल्वी मोडक्या हिंदीत म्हणाली, "हात लावू का, विचारतायत." तेव्हा मात्र मला रडू फुटलं.

सुईने गाठीचा तुकडा काढला, पूही तपासायला गेला. स्तनाचा टीबी निघाला. कॅन्सर नव्हता. फुप्फुसं साफ होती. बाई म्हणाल्या, कापून टाकायचं काही कारण नाही, गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत. लघवी लालसर व्हायची, पोट ढवळायचं. गिळत राहिले. सहा महिन्यांनी जखम सुकली. तिथे खड्डा राहिला.

आईने गावात सांगितलं, छातीचा टीबी. लोकांना फुप्फुसाचा वाटू दे म्हणाली, नाहीतर स्थळं मोडतील.

"आई, स्तनाचा. तसंच सांग."

ती फोनवर रडली. मी रडले नाही. मोडणारं स्थळ मोडू दे.

आता हॉस्टेलमधल्या कुणा पोरीला गाठ लागली की मी सोबत जाते. डॉक्टर म्हणतात, तुम्ही बाहेर थांबा. तिला मी हवी असेन तर मी हलत नाही. तुकडा तपासायला गेल्याशिवाय सुरी लावू देत नाही. उद्धट म्हणतात. म्हणू देत. बाहेर थांबणं मी सोडलंय.