वाऱ्याची बाजू बघून

टेलरबाईंकडे शिवायला टाकलेला कपडा आधी बाल्कनीतल्या दोरीवर टांगला जायचा. नव्या गिऱ्हाइकांना नवल वाटायचं. "अहो, धुतलेला आहे," गिऱ्हाइकं सांगायची. "म्हणूनच तर," म्हणत बाई दोन बोटांत धरून तो कपडा बाहेर न्यायच्या.

सुगंधाचं आणि बाईंचं जन्माचं वाकडं. अत्तर, पावडर, वासाचा साबण, कपडे मऊ करणारं ते निळं पाणी, काहीही नाकात गेलं की घसा आवळायचा, छातीत शिट्टी वाजायला लागायची आणि पंप ओढल्याशिवाय श्वास मोकळा व्हायचा नाही. डॉक्टर याला ॲलर्जी म्हणायचे, नातेवाईक नखरे. नणंद तर एकदा तोंडावरच म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे काय आंघोळ न करता यायचं?" "करून या की," बाई म्हणाल्या, "पण पाण्याने." तेव्हापासून नणंद फिरकली नाही, आणि खरं सांगायचं तर बाईंचं त्यात काही बिघडलं नाही.

जीव तुटायचा तो एकाच माणसासाठी. एकुलता एक मुलगा, बारक्या. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता म्हणून बारक्या. आता दारातून वाकून आत यावं लागतं, तरी बारक्याच. प्रवासी जहाजावरच्या दुकानात नोकरीला लागला, बॅगा विकतो म्हणाला, आणि त्याला वर्ष होत आलं तरी घरी आला नव्हता. नोकरीवरच्या लोकांना आईबापांना सहलीला बोलावता येतं, हे बाईंच्या नवऱ्याला तिसऱ्याच कोणाकडून कळलं. बारक्या त्यावर एक अक्षर बोलला नव्हता. बाईंनी फोनवर विषय काढला तेव्हा म्हणाला, "आई, नको ना. जहाजावर नुसते वास असतात. तुला सोसायचं नाही."

हे बाईंना लागलं. जगाने म्हटलं तर म्हटलं, पण पोटच्या पोराने? चार लोकांत आई मास्क लावून हिंडणार, खोकत बसणार, त्याची लाज वाटत असेल त्याला. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो काही केल्या निघेना. जाऊन त्याच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय खरं काय ते कळणार नव्हतं.

"जायचंच," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा लिफ्टमिस्त्री. "एवढ्या मोठ्या जहाजात लिफ्ट कशा बसवल्या असतील गं?" एवढंच विचारून त्याने बॅग खाली काढली.

बाईंनी लढाईला निघाल्यासारखी तयारी केली. खोलीत सुगंधी फवारा मारणार नाही, असं जहाजाच्या ऑफिसकडून पुन्हापुन्हा कबूल करून घेतलं. स्वतःच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, बिनवासाचा साबण, जादा पंप, सगळं बरोबर घेतलं. आणि खोली खरोखरच चांगली निघाली. संकट होतं ते दाराबाहेर. कॉरिडॉरच्या छतातल्या जाळीतून सतत एक गोडसर वास खाली उतरायचा. लिफ्टचं दार उघडलं की आतून नटूनथटून जेवायला निघालेल्या माणसांचा असा काही भपकारा यायचा की बाई भिंतीला चिकटायच्या. म्हणून सगळीकडे जिन्याने. नवरा बिचारा जिना चढता चढता लिफ्टच्या दारांकडे वळून वळून बघायचा.

बारक्याने पहिल्या दिवशी हॉलच्या दुसऱ्या टोकावरून हात केला आणि गर्दीत नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी त्याने दोघांना वरच्या उघड्या डेकवर बोलावलं. तो दिसताच बाई हात पसरून पुढे झाल्या, तर हा मागे सरला! वाऱ्याची बाजू बघितली आणि बाकांच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

"तिथूनच बोल आई. युनिफॉर्म इथल्या लाँड्रीत धुतात, फार वास असतो त्याला."

"मग बदलून ये. घरचे कपडे नाहीत का तुझ्याकडे?"

"येतो नंतर. आत्ता ड्यूटी आहे."

"जेवतोस ना नीट?" बाईंना ओरडूनच विचारावं लागलं. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली तशी बारक्याने मान खाली घातली. झालं! बाईंना वाटलं, आपली शंका खरी ठरली.

नंतर येतो म्हणाला, तो आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा घोरायला लागल्यावर बाई उठल्या. मास्क चढवला, पंप मुठीत धरला आणि जिन्याने खाली दुकानांच्या मजल्यावर आल्या. बॅगांच्या दुकानात बारक्या नव्हता. तिथल्या मुलीला विचारलं.

"तो उंच मुलगा ना? तो इथे कुठे आता! शेवटच्या दुकानात, परफ्यूमच्या. कधीपासून तिथेच आहे."

शहाण्या बाईने तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण वर्षभर न दिसलेला मुलगा पंधरावीस पावलांवर असताना शहाणपण कोणाला सुचतं? काचेतून तो दिसला. कागदाच्या पट्टीवर फवारा मारत होता, ती गिऱ्हाइकाच्या नाकाशी हलवत होता, गोड हसत होता. नीट बघावं म्हणून बाई आणखी पुढे सरकल्या, आणि काचेचं दार आपोआप उघडलं.

आतली सगळी गार, गोड हवा एकदम अंगावर आली. घसा मिटला. मास्क खाली ओढून त्यांनी पंप तोंडाला लावला, पण औषध आत जायला श्वास तर आत जायला हवा! भिंत धरून त्या खाली बसल्या.

"आई!"

बारक्या काउंटरवरून उडी मारून धावत आला. तो जवळ आला तसा छातीतला आवाज आणखी चढला. दुकानातला सगळा वास तो अंगावर घेऊन येत होता. बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी होती नव्हती ती ताकद लावून हात वर केला आणि तळवा त्याच्यासमोर धरला. थांब.

तो जागच्या जागी थांबला. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. मग तो एक एक पाऊल मागे सरकला.

तोवर मदतीला माणसं जमली. एक बाई तर पर्समधून सुगंधी ओला रुमाल काढून कपाळावर ठेवायला वाकलीसुद्धा.

"हात लावू नका तिला!" बारक्या दुकान दणाणून ओरडला. "मागे व्हा सगळे! हवा येऊ द्या!" मॅनेजर बाहेर आला, काहीतरी बोलला. बारक्याचं लक्ष नव्हतं. "आई, माझ्याकडे बघ. डाव्या हाताला लोखंडी दार आहे, बाहेर डेक आहे. भिंत धरून चल. मी पुढे आहे."

पुढे धावत जाऊन त्याने ते जड दार ढकललं, उघडंच राहील असं कडीला अडकवलं आणि स्वतः डेकच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला. बाई भिंत धरून, थोडं चालत, थोडं रांगत दाराबाहेर पोहोचल्या. खारा वारा तोंडावर आदळला. पंपाचा दुसरा झोत आत गेला, मग तिसरा. खूप वेळाने शिट्टी बारीक झाली आणि जिवात जीव आला.

बारक्या टोकाला उभा राहून बाहीने डोळे पुसत होता.

"बॅगा विकतो म्हणालास ना रे?" बाईंचा आवाज घोगरा झाला होता.

"आधी बॅगाच होत्या. मग इथे टाकलं. कितीदा बदलून मागितलं, देत नाहीत. तुला काय तोंडाने सांगू, आई? ज्याने तुझा जीव जातो, तेच मी लोकांना हसून विकतो."

"मला वाटलं, तुला माझी लाज वाटते."

बारक्याने डोळ्यांवरची बाही काढली. "तुझी? माझी मलाच वाटते गं!" आणि एवढा मोठा मुलगा हुंदके द्यायला लागला.

आता बाईंना रडू आलं असतं, पण रडलं की श्वास अडकतो. त्यांनी आवाज कडक केला. "आमच्या खोलीत जा. माझ्या साबणाने आंघोळ कर, डोकं दोनदा धू. बाबांना म्हणावं, शर्ट द्या. आणि इथे ये."

तो आला तेव्हा बापाच्या शर्टाच्या बाह्या मनगटाच्या कितीतरी वर संपत होत्या. मागोमाग झोपेतून उठलेला नवरा धापा टाकत आला. बारक्या मात्र इथल्याही बाकांच्या पलीकडेच थांबला.

"केसांतून वास जात नाही आई, कितीही धुतले तरी."

"ये म्हटलं ना."

तो घाबरत घाबरत जवळ आला आणि गुडघ्यांवर बसला. बाईंनी मास्क काढला. त्याचं डोकं छातीशी ओढलं आणि मानेशी नाक नेलं. पाण्याचा ओलसर वास आला, त्याखाली तान्हेपणापासून ओळखीचा बारक्याचा स्वतःचा वास आला, आणि सगळ्यांत खाली, केसांच्या मुळाशी, ते परफ्यूम होतंच. घशात खवखव सुरू झाली. किती वेळ मिळणार हे बाईंना नेमकं ठाऊक होतं. नवरा काहीतरी बोलायला गेला, तर त्यांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

घसा आवळायला लागला तेव्हाच त्यांनी मुलाला दोन्ही हातांनी ढकललं.

"आता हो लांब," त्या खोकत म्हणाल्या. बारक्या हसत उठला आणि वाऱ्याची बाजू बघून पलीकडे जाऊन उभा राहिला.