फाटकात अडकलो तेव्हा

पहिल्यांदा झालं ते खोपोली लाइनच्या रेल्वे फाटकात. माझा छोटा टेंपो आहे. नर्सरीतली झाडं मी कर्जत-खालापूरकडच्या फार्महाऊसवर पोचवतो. त्या दिवशी मागे चिकूची कलमं होती. फाटक पडलं. पुढे डंपर, मागे ट्रक. रोजचंच. पण अचानक छाती आवळली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास वरच्या वरच अडकायला लागला. आता आपण मरतोय, याबद्दल मनात जराही शंका नव्हती. मी इंजिन चालू ठेवूनच उतरलो आणि रस्त्याकडेच्या गवतात बसलो. फाटक उघडलं तरी उठवेना. ट्रकवाला हॉर्न वाजवून दमला, मग उतरून आला. त्यानेच माझा टेंपो कडेला लावला आणि मला आपल्या ट्रकातून दवाखान्यात नेऊन सोडलं.

ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, गॅस असेल.

पुढच्या महिनाभरात तीन वेळा तसंच झालं. एकदा भिवपुरीजवळ, एकदा भर कर्जत नाक्यावर, आणि एकदा तर घरी, जेवणाच्या ताटावर. प्रत्येक वेळी ईसीजी नॉर्मल. मी फाटकाचा रस्ता टाळून लांबून जायला लागलो. मग खोपोलीकडचा मालच घेईना. मग नेरळच्या बाजूचाही नको वाटायला लागला. शेवटी टेंपो आमच्या गावात, कडावला, घरापुढे उभा आणि मी ओट्यावर. काही न करता इतका थकवा येतो, हे मला माहीत नव्हतं. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार, आज येईल का?

थोरला भाऊ म्हणाला, "तुला काय कमी हाय रं? उगाच डोक्यात घेतो."

बायकोने मला कर्जतच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे आठवड्यातून एकदा मनाचे डॉक्टर बसतात. ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, याला पॅनिक अटॅक म्हणतात, तपासण्यांत हृदयाला काही झालेलं दिसत नाही. गोळी दिली आणि समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे पाठवलं.

त्या बाई म्हणाल्या, "आला की त्याच्याशी भांडू नका. थोड्या वेळाने तो आपणहून उतरतो. पाय जमिनीवर घट्ट टेकवा आणि श्वास सोडताना हळू सोडा. आणि टेंपो सुरू करा. एकदम लांब नको. आज नुसतं आत बसा, उद्या वेशीपर्यंत जा."

वेशीपर्यंत जायला मला आठ दिवस लागले. त्याच्या पुढे जायची हिंमत होईना. तेव्हा बायको म्हणाली, "मी येते बाजूला."

ती ब्लाउज शिवते. म्हटलं, "तुझ्या शिलाईचं काय?"

"तुरपाई गाडीत पन होते."

मग रोज ती शेजारच्या सीटवर, मांडीवर कुणाचा तरी ब्लाउज घेऊन. फाटकाच्या रस्त्याला आम्ही दीड महिन्याने लागलो. नेमकं फाटक पडलेलं. माझे हात गार पडले.

"आलं का?" तिने सुई न थांबवता विचारलं.

"आलं."

"बरं, येऊ द्या. सोडताना हळू सोडा."

फाटक उघडलं, मागे हॉर्न सुरू झाले. तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि गाड्यांना पुढे जायची खूण करत राहिली. एक जण शिवी देऊन गेला. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. दहा-बारा मिनिटांनी श्वास खाली उतरला आणि मी गाडी सुरू केली.

असे पाच महिने गेले. मला ते सवयीचं झालं होतं. एका दुपारी परतताना ती म्हणाली, "आवो, माझी गिऱ्हाईकं दुसरीकडं जायला लागली. मी बी दमले. मी तरी किती दिवस बसू?"

मला राग आला. पण तिचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते, मान आखडलेली होती, आणि हे मी इतके दिवस पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जवळची खेप होती. तिला म्हटलं, "आज नको येऊ. लागलं तर फोन करीन." तिने दोनदा विचारलं, "नक्की?"

त्या दिवशी फोन करावा लागला. त्याच्या पुढच्या दिवशी नाही.

नाक्यावरच्या एका म्हाताऱ्या टेंपोवाल्याला मी सगळं सांगितलं, कारण कधी वाटेत अडकलो तर कोणाला तरी माहीत असावं. त्याने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मग म्हणाला, "मला बी झालतं रं, घाटात. मी कुनाला बोललो नाय. गाडीच इकली होती तवा." आता माझी गाडी दिसली नाही की तो फोन करतो. चौकशी फारशी नसते. कुठे पोचलास, एवढंच.

डॉक्टरांनी गोळी कमी केली आहे, बंद नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा झटका येतोच. मी गाडी कडेला घेतो, पाय टेकवतो, वाट बघतो. तो गेल्यावर अंगातलं सगळं बळ निघून जातं. मग मी झाडं उतरवतो, घरी येतो आणि दुपारभर झोपतो. बायको शिलाईचं मशीन पुढच्या खोलीत नेते आणि दार लोटून घेते.