शून्याच्या घरात बापू राहतो

भोरच्या एसटी स्टँडामागं आमचा कॉम्प्युटर क्लास होता. हे आणि त्यांचे मित्र सलीमभाई मिळून चालवायचे. लग्न होऊन आले तेव्हा, पीएचपी ही वेबपेज करायची भाषा येते म्हणून, मीही त्यात बसले. अशा जागी किस्से धुळीसारखे साचतात. रोज झाडा, सकाळी कीबोर्डवर पुन्हा थर. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे सगळे माझ्यासमोरच बोलतात.

*

सलीमभाई ॲरे शिकवत होते. "ॲरे म्हणजे फळीवर ओळीनं मांडलेले डबे. फक्त पहिल्या डब्याचा नंबर एक नाही, शून्य."

आंबवड्याची एक मुलगी म्हणाली, "सर, आमीबी भात मोजताना एक म्हणत न्हाई. पहिल्या मापाला लाभ म्हणतो."

"का?"

"एक म्हणलं की रास संपायला लागती म्हणं."

सलीमभाई फळ्याकडं वळले. "मग पीएचपी आपल्याकडचीच हाय."

त्या दिवशी फळ्यावरचं शून्य पुसायला कोणी पुढं आलं नाही.

*

सॉर्ट नावाचं फंक्शन नावं अक्षरांच्या क्रमानं लावून देतं. मी क्लासमधल्या सगळ्यांची नावं टाकली. नवऱ्याचं नाव हातून टाइप होईना, म्हणून तिथं 'हे' लिहिलं. 'ह' मुळात शेवटाकडचा, हेही शेवटी गेले.

"वहिनी, मालक सगळ्यात खाली?" सलीमभाईंनी विचारलं.

यांनी गुपचूप स्वतःचं नाव टाकलं आणि पहिले आले. घरात अजून 'हे'च आहेत.

*

वेल्ह्याच्या अंगाला सासूबाईंचं माहेर होतं, ते धरणाखाली गेलं. माणसं चार दिशांना पांगली. यांनी त्या गावासाठी एक वेबपेज करायला घेतलं. नाव टाकलं की त्या माणसाचं जुनं घर आणि सध्याचा मुक्काम दिसायला हवा. सासूबाई डोळे मिटून गाव उतरत गेल्या आणि मी टाइप करत गेले.

"देवळाला लागून पहिलं घर आमचं. तितं बापू ऱ्हातो. त्याच्या खाली..."

बापू त्यांचा धाकटा भाऊ. गाव उठलं त्या दिवशी सासूबाई आवराआवरीला गेल्या होत्या. "गुरं बघून येतो," म्हणून तो मागं फिरला, तो कोणाला दिसला नाही. म्हाळाचे, म्हणजे पितरांना जेवू घालायचे दिवस आले की नातेवाईक म्हणायचे, त्याचंही पान वाढा आता. सासूबाई वाढत नसत. भाऊबीजेला अंगणात जाऊन चंद्राला ओवाळून येत.

पेज तयार झालं तेव्हा म्हाळच चालू होते. त्यांनी पहिलं नाव बापूचं टाकायला लावलं. स्क्रीनवर आलं ते मी वाचून दाखवलं, 'या नावाचं कोणी नाही.'

सासूबाई उठल्या. "ह्यालाबी ठावं हाय. वाढते पान."

"आई, थांब जरा," हे म्हणाले.

ॲरे सर्च हे फंक्शन माणूस कितव्या डब्यात आहे ते सांगतं. बापूमामा पहिल्या घरात, म्हणजे शून्यात. आणि आमच्या प्रोग्रॅमनं त्या शून्याचा अर्थ 'नाही' असा घेतला होता. दोन बरोबरच्या चिन्हांची तीन केली, म्हणजे शून्य वेगळं आणि 'नाही' वेगळं, आणि मामा सापडले.

"पयल्या घरातल्या माणसालाच न्हाई म्हणतंय," सासूबाई म्हणाल्या. पण बसल्या.

*

मग उलटा घोटाळा झाला. गावातल्या एका पडक्या घरात कोणीच नव्हतं, तिथं सलीमभाईंनी शून्य टाकून ठेवलं. नाव यादीत आहे का हे बघणारं इन-ॲरे तेव्हाच्या पीएचपीत शून्य आणि कुठलंही नाव एकच समजायचं. झालं, कोणाचंही नाव टाका, उत्तर एकच.

कापूरहोळच्या ढाब्यावर काम करणारा त्या गावचा एकजण आला. त्यानं वारलेल्या वडिलांचं नाव टाकायला सांगितलं. 'आहे.' आईचं सांगितलं, तीही वारलेली. 'आहे.' मग स्वतःचं सांगितलं. 'आहे.'

"चला," तो म्हणाला, "समदी हायेत."

तो जिना उतरल्यावर सलीमभाईंनी शून्य काढलं. त्याला कोणी सांगायला गेलं नाही.

*

सासूबाईंनी ठरवलं होतं. गावची सगळी माणसं आपापला मुक्काम नोंदवून गेली आणि बापू एकटाच उरला, तर सर्वपित्रीला त्याचं पान वाढायचं. माणसं येत, सलीमभाईंशेजारी बसत, ते विचारून टाइप करत. अमावस्येच्या आदल्या दुपारी सगळी घरं आटोपली. उरलेली नावं काढायला ॲरे डिफ आहे. गावातून नोंदवलेले वजा केले की राहिलेले दिसतात.

यांनी एंटर मारलं. रिकामा कंस आला. आत कोणीच नाही.

"परत चालव," सलीमभाई म्हणाले. पुन्हा रिकामाच.

यांनी शून्याचं घर उघडलं. बापूच्या नावापुढं मुक्काम भरलेला होता.

"मावशी, म्या न्हाई टाकलं," सलीमभाई म्हणाले. हे माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं.

सासूबाईंना वाचता येत नाही. "काय लिवलंय, सूनबाई?"

"घरी," मी म्हणाले.

त्या पदर सावरून उठल्या. "उद्या पान न्हाई वाढायचं." दाराशी जाऊन थांबल्या.

"गावातनं निघताना म्या घराला कडी लावली न्हवती. बरं झालं."