मोसंबीएवढी गाठ

विद्यापीठाच्या नामांतराच्या पत्रकांनी मला एक शिकवलं होतं: तिसऱ्या ओळीपर्यंत शत्रू दिसलाच पाहिजे. सोनोग्राफीविरुद्धचं आमचं पत्रकही तसंच. पोटातली पोरगी हुडकून मारणारं यंत्र, एवढंच त्यात होतं. ते खोटं नव्हतं. आजही नाही.

त्याच यंत्राखाली माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यात झोपली होती. पोट नको तेवढं वाढलं म्हणून तपासणी. तिचा नवरा वाळूजला कंपनीत पाळीवर, म्हणून सोबत मी आणि पाचोडहून आलेली तिची सासू. पडद्यावरच्या करड्या धुरळ्यात मणक्याची माळ दिसली, आणि तिच्या टोकाला एक गोळा. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. बाळाच्या माकडहाडाशी गाठ आहे, मोसंबीएवढी, आणखी वाढेल. घरी बाळंत झाली तर गाठ फुटून बाळ रक्त जाऊन दगावेल. दवाखान्यात पोट चिरून बाळ काढलं आणि मग गाठ काढली, तर वाचायची चांगली आशा आहे.

सासूबाईंनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाल्या, "पोरगं हाय का पोरगी, तेवढं सांगा. मंग ठरवू."

"ते मी सांगत नसते," बाई म्हणाल्या.

माझ्या तोंडाशी अख्खं पत्रक आलं होतं. बहिणीनं माझं मनगट दाबलं.

बाहेर बाकावर सासूबाईंनी निकाल देऊन टाकला: पहिलं बाळंतपण माहेरचं, रीतच आहे. आमच्या आई-बापूंच्या वस्तीवर जावं, तिथली सुईण गुणाची, पुढं देवाची मर्जी. मी बोलायला लागलो, तर म्हणाल्या, भाषण गुलमंडीच्या चौकात करा, भाऊ.

बहीण हळूच बोलली. "रीत बरोबर हाय, आत्याबाई. पण आई-बापू मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेत, वस्तीवर कोण नाय. आता दादाची खोली हेच माझं माहेर. काय करायचं ते दादा करंल."

सासूबाई पिशवी उचलून पाचोडची गाडी धरायला निघाल्या. रीत त्यांनीच काढली होती.

पडेगावच्या माझ्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे भिंतीला सारले आणि खाट टाकली. कार्यकर्ते दारातच मोठ्यानं वाद घालू लागले, की आतून हिचा आवाज: हळू बोला, मी माहेरी आलेय.

दवाखान्यात पोरगी झाली. काही दिवसांनी गाठ काढली. सासूबाई आल्या, बाळाला पालथं धरून टाके बघितले, लई मोठं चिरलंय म्हणाल्या. पोरगीबद्दल अवाक्षर नाही. माझं उत्तर तयार होतं, ते तसंच राहिलं.

पत्रक पुन्हा छापायची वेळ आली, तेव्हा मी 'यंत्र' खोडून 'विचारणारे आणि सांगणारे' असं घातलं. धार गेली म्हणून सोबत्यांनी बोंब मारली. मारू दे. भाची आली की त्याच गठ्ठ्यांवर चढून बसते, टाके होते तिथं भार न देता जरा एका अंगावर, आणि वरचा कागद फाडते.